सॅन फ्रान्सिस्कोची व्हिक्टोरियन घरं: आगीतून वाचलेली आणि बुलडोझरमधून वाचलेली

सांजवारा :

अलामो स्क्वेअरच्या हिरवळीवरून दिसणारी ती रंगीत घरांची रांग सगळ्यांनी पाहिलेली असते, निदान फोटोत तरी. स्टायनर स्ट्रीटवरची ही घरं मॅथ्यू कॅव्हाना नावाच्या बिल्डरनं १८९२ ते १८९६ या काळात बांधली. विकायलाच बांधली, आजच्या भाषेत स्कीम टाकली म्हणा ना, आणि कोपऱ्यावरच्या घरात तो स्वतः राहिला. बे एरियात पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो, फोटो होतो, मग गोल्डन गेट ब्रिज, मग घरी येऊन वरणभात. या धाग्यात त्या रांगेबद्दल मी फारसं लिहिणार नाहीये. तिच्यासारखी हजारो घरं या शहरात अजून उभी आहेत. ती उरली कशी, आणि दोन गल्ल्या पलीकडची का उरली नाहीत, हे मला जास्त रंजक वाटतं.

आधी ती एवढी झाली कशी ते. १८४९ च्या सोन्याच्या लाटेनंतर गाव भराभर फुगलं. घरं हवीत आणि आत्ता हवीत. उत्तरेला मेंडोसिनो आणि हम्बोल्टच्या किनाऱ्यावर रेडवुडची अफाट जंगलं होती, तिथून लाकूड शिडाच्या जहाजांतून थेट बंदरात यायचं. रेडवुड हलकं, सरळ रेषांचं, कापायला सोपं, शिवाय वाळवी आणि कुजणं यांना सहसा दाद न देणारं. वाफेवर चालणाऱ्या कारखान्यांत कंगोरे, खांब, कमानी, फुलापानांच्या पट्ट्या घाऊक कातल्या जायच्या आणि बिल्डर कॅटलॉग बघून हव्या त्या मागवायचा. घराचा दर्शनी भाग बघून एखाद्या सुतारानं आयुष्य घालवलं असेल असं वाटतं, प्रत्यक्षात बराचसा माल यंत्रावरचा. खात्री करायची असेल तर शेजारचं घर पाडलेलं असेल अशा ठिकाणी बाजूनं बघा. नक्षी पहिल्या फुटा-दोन फुटांत संपते, पुढे मागच्या परसापर्यंत साध्या फळ्या.

प्लॉट साधारण २५ फूट रुंद आणि खोलीला शंभराच्या वर. दोन्ही बाजूंनी शेजारी चिकटलेला. उजेड येणार पुढून आणि मागून, म्हणून खिडक्या भिंतीच्या बाहेर काढल्या, आणि घराचं वय ओळखायलाही याच खिडक्या उपयोगी पडतात. १८७० च्या दशकातलं इटालियनेट घर: पुढे आलेल्या खिडकीच्या बाजू तिरक्या, वर सपाट खोटी भिंत, तिला जाड ब्रॅकेट, म्हणजे मागचं उतरतं छप्पर रस्त्यावरून दिसू नये. १८८० चं स्टिक किंवा ईस्टलेक: खिडकी काटकोनात, सगळीकडे उभ्या पट्ट्या. १८९० चं क्वीन अ‍ॅन: तिकोनी छप्पर उघड, जमलं तर कोपऱ्यात गोल बुरूज, भिंतीवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी कौलांच्या ओळी. अर्थात बिल्डर लोक शुद्धतेचे भोक्ते नव्हते. खपेल ते एकत्र करायचे, त्यामुळे निम्मी घरं या वर्गवारीत नीट बसत नाहीत.

मग १८ एप्रिल १९०६. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप. घरं पडली, पण शहर संपवलं ते त्यानंतरच्या आगीनं. पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटलेल्या, बंबवाल्यांच्या हातात कोरडे पाइप. तीन दिवसांत सुमारे २८,००० इमारती गेल्या. नॉब हिलवर रेल्वेसम्राटांचे लाकडी महाल होते, स्टॅनफर्ड, क्रॉकर, हॉपकिन्स, हंटिंग्टन. सगळे खाक. फ्लड नावाच्या धनाढ्याचं तपकिरी दगडाचं घर तेवढं सांगाडा म्हणून उरलं, आज तिथे एक खाजगी क्लब आहे.

आग पश्चिमेला थांबली ती व्हॅन नेस अ‍ॅव्हेन्यूवर. हा रस्ता १२५ फूट रुंद. त्याच्या पूर्वेकडची मोठमोठी घरं लष्करानं सुरुंग लावून उडवली आणि तिथे रेषा धरली. एकदोन ठिकाणी आग रस्ता ओलांडून फ्रँकलिन स्ट्रीटपर्यंत गेलीच, पण तिथे आटोक्यात आली. दक्षिणेला मिशन भागात ती विसाव्या रस्त्यावर थांबली, कारण चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा एक नळखांब चमत्कार झाल्यासारखा चालू होता. दर १८ एप्रिलला पहाटे लोक जमून त्याला सोनेरी रंग देतात. आपल्याकडे शेंदूर लावला असता.

आजही नकाशा काढून बघा: व्हॅन नेसच्या पूर्वेला व्हिक्टोरियन घर शोधून सापडत नाही (रशियन हिल आणि टेलिग्राफ हिलवरची काही बेटं सोडून), पश्चिमेला ओळीच्या ओळी.

पण पश्चिमेलाही आज मधेच मोठी भगदाडं आहेत. ती आगीनं पाडलेली नाहीत. वेस्टर्न अ‍ॅडिशन भाग महापालिकेनं १९४८ मध्ये 'जीर्ण वस्ती' ठरवला आणि १९५६ पासून रीडेव्हलपमेंट एजन्सीनं तो दोन टप्प्यांत साफ करायला घेतला. अडीच हजारांच्या आसपास व्हिक्टोरियन घरं पाडली. गिअरी स्ट्रीट रुंद करून फिलमोरपाशी जमिनीखालून काढला. ही घरं १९०६ ला जिवंत राहिली होती, पन्नास वर्षांनी कागदपत्रांनिशी, सह्याशिक्क्यांनिशी गेली. भूकंपाची आठवण शहर दरवर्षी काढतं. या दुसऱ्या पाडापाडीला तारीखच नाही, म्हणून कदाचित तिचा कार्यक्रमही होत नाही.

कोणी तिथे राहिलंय का? काम केलंय का? लिहा.

फोडणीची_पोळी :

वाचतेय. मस्त धागा. फोटो टाका ना ताई, असे कोरडे धागे काढू नयेत 😀

भटकभवानी :

+१, फोटो हवेतच.

मी एका घराची वरात पाहिलीय. रविवार, २१ फेब्रुवारी २०२१. फ्रँकलिन स्ट्रीटवरचं १८८२ सालचं दुमजली इटालियनेट घर, इंग्लंडर हाउस, अख्खंच्या अख्खं उचलून चाकांवर चढवलं आणि सहा ब्लॉक पलीकडे फुल्टन स्ट्रीटवर नेलं. वेग ताशी एक मैलाच्या आत. वाटेतले पार्किंग मीटर उपटलेले, फांद्या छाटलेल्या, वरच्या तारा काढलेल्या. कोविडचे दिवस होते, तरी सगळं गाव मास्क लावून रस्त्यावर. मूळ जागी आठ मजली इमारत व्हायची होती. मालकाला हलवण्याचा खर्च सुमारे चार लाख डॉलर आला आणि परवानग्या गोळा करण्यात कित्येक वर्षं गेली म्हणे. वळणावर घर जरा कललं की गर्दीतून जो आवाज यायचा ना!

सांजवारा :

भटकभवानी, भाग्यवान आहात. घरं हलवणं या शहराला नवं नाही. १९७४ मध्ये वेस्टर्न अ‍ॅडिशनमधली बारा व्हिक्टोरियन घरं अशीच ट्रेलरवर घालून दुसऱ्या प्लॉटवर नेली होती. पाडायच्या यादीत होती ती. १९७१ मध्ये वारसा वाचवण्यासाठी जी संस्था स्थापन झाली, जिला सगळे नुसतं 'हेरिटेज' म्हणतात, तिनं रीडेव्हलपमेंट एजन्सीशीच बोलून हे जमवलं. अडीच हजारांत बारा. पण पुढचं वारं तिथून फिरलं असं मानायला जागा आहे.

त्याआधी ज्युनियर लीग या स्वयंसेवी संस्थेच्या बायकांनी शहरभर हिंडून जुन्या वास्तूंची नोंद केली होती, ती १९६८ मध्ये छापून आली. नोंद झाल्याशिवाय काय जातंय हेच कळत नाही.

रिकामटेकडा_नाना :

लाकडाची शे-सव्वाशे वर्षांची घरं आणि केवढं कौतुक! आमच्या पेठेत दोनशे वर्षांचे वाडे बिल्डरच्या एका सहीवर गेले, तेव्हा कुणी चाकांवर घालून नेले नाहीत. अमेरिकनांना इतिहास कमी, म्हणून जे आहे त्याला काचेत ठेवतात. आणि हो, व्हिक्टोरिया राणीचा आणि या लोकांचा संबंध काय? १७७६ ला तर हाकलली ना इंग्रजांना?

तिसरी_घंटा :

नाना आले! आता धागा पळणार 🍿

सांजवारा :

नाना, राणीशी संबंध एवढाच की तिच्या कारकिर्दीत, १८३७ ते १९०१, ही शैली फॅशनमध्ये होती. नमुन्यांची पुस्तकं इंग्लंडहून यायची, फर्निचरच्या फॅशनही. क्वीन अ‍ॅन शैलीचा तर अ‍ॅन राणीशी दूरान्वयानेही संबंध नाही, ती बिचारी १७१४ मध्येच वारली.

तुलनाच करायची तर आपलं सीएसएमटी बघा. १८७८ ला सुरुवात, १८८८ मध्ये पूर्ण. सॅन फ्रान्सिस्कोतलं हास-लिलिएन्थाल हाउस १८८६ चं. दोन्ही एकाच दशकातली आणि दोन्ही व्हिक्टोरियनच. पण तिकडे सरकारी पैसा, दगड, साम्राज्याचा रुबाब. इकडे बव्हेरियातून आलेल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्यानं साडेअठरा हजार डॉलर घालून बांधलेलं लाकडी घर. त्याच कुटुंबाच्या तीन पिढ्या तिथे १९७२ पर्यंत राहिल्या आणि मग वारसांनी ते हेरिटेजला देऊन टाकलं. आतलं फर्निचरही बरंचसं त्यांचंच. बघायला खुलं असतं, आवर्जून जा.

'काचेत ठेवतात' म्हणाल तर तसंही नाही हो. बहुतेक घरांत माणसं राहतात, भाडं भरतात, भांडतात.

गोदाकाठ :

आम्ही राहिलो अशा घरात भाड्यानं, हेट भागात. रोमँटिक कल्पना असलेल्यांसाठी थोडी माहिती.

दारातून आत शिरलं की बोगद्यासारखा लांब पॅसेज, एका बाजूला ओळीनं खोल्या. रेल्वेचा डबाच. पुढे दोन दिवाणखाने, मधे भिंतीत सरकून गडप होणारी दारं. ही दारं अजूनही एका बोटानं सरकतात, त्या कारागिराला नमस्कार. मधल्या खोल्यांना उजेड म्हणजे दोन घरांमधल्या हातभर पोकळीतून येईल तेवढाच. संडास वेगळा, न्हाणीघर वेगळं, हे मात्र आपल्या लोकांना आवडतं. कपाटं नाहीत. खिडक्या एकेरी काचेच्या, जुलैतल्या धुक्यात पायांत लोकरीचे मोजे. वरच्या मजल्यावरच्या माणसाचा दिनक्रम आम्हाला तोंडपाठ. जुन्या रंगात शिसं, त्यामुळे लेक रांगायला लागल्यावर माझी झोप उडालेली, प्रत्येक पोपडा दिसला की ओल्या फडक्यानं पुसायचा. दुरुस्ती सांगितली की घरमालक 'जुनं घर आहे' एवढं म्हणून फोन ठेवायचा.

तरी सोडवत नव्हतं. छताजवळची प्लास्टरची गोल नक्षी, जिथून पूर्वी गॅसचा दिवा लोंबायचा, ती बघत पडून राहायला मला फार आवडायचं.

एक व्यावहारिक मुद्दा: शहराचा भाडेनियंत्रण कायदा जून १९७९ च्या आधीच्या भाड्याच्या इमारतींना लागू होतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक व्हिक्टोरियन फ्लॅट त्यात येतो. साध्या नोकऱ्या करणारी जी माणसं या शहरात टिकून आहेत त्यातली बरीच या घरांमुळे टिकली. वास्तुशैलीच्या गप्पांत हे राहून जातं.

सिमेंटवाला :

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, सॅन फ्रान्सिस्कोतच असल्या घरांची कामं करतो, म्हणून लिहायला बसलो.

लाकडी सांगाड्याचं घर भूकंपात चांगलं वागतं. हलकं असतं, लवतं, हजारो खिळ्यांच्या सांध्यांत धक्का जिरतो. १९०६ मध्ये टेकडीच्या कातळावरची घरं धुराडं पडण्यावर निभावली. गेली ती भरावाच्या जमिनीवरची. मिशनमध्ये व्हॅलेन्सिया स्ट्रीटवर एक हॉटेल होतं, बुजवलेल्या दलदलीवर. ते जमिनीत बसलं आणि खालच्या मजल्यांवरचे लोक आत अडकले. तेव्हा 'घर कसं आहे' याच्या आधी 'घर कशावर आहे' हे विचारावं.

दुखणी दोन. पहिलं, पाया विटांचा, मसाला चुन्याचा, आणि वरचं घर त्याला बोल्टनं धरलेलंच नाही. नुसतं बसवलेलं. त्यात जोत्यावर एक बुटकी लाकडी भिंत असते, ती धक्क्यानं आडवी झाली की घर चार फूट बाजूला. यावर उपाय माहीत आहे: बोल्ट आणि प्लायवुड. दुसरं दुखणं आपणच केलेलं. मोटारी आल्या तसं पुढच्या खोलीखालची भिंत फोडून गॅरेज काढलं. वर तीन मजले, खाली पोकळी. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात मरीना भागात ज्या इमारती बसल्या त्या व्हिक्टोरियन नव्हत्या, बहुतेक १९२० च्या दशकातल्या होत्या, पण रोग हाच, आणि खाली परत भरावच. २०१३ पासून शहरानं तीन किंवा जास्त मजल्यांच्या, पाच किंवा जास्त घरांच्या जुन्या लाकडी इमारतींना हा पोकळ तळमजला मजबूत करणं सक्तीचं केलं.

आता नानांसाठी खास. १९०६ नंतर शहराचे पुढारी कटाक्षानं 'भूकंप' न म्हणता 'आग' म्हणायचे. विमा आगीचा होता, भूकंपाचा नव्हता. शिवाय आग कुठल्याही शहराला लागते, भूकंप म्हटलं की गुंतवणूकदार पळणार.

रिकामटेकडा_नाना :

हे आवडलं. विमा कंपन्या जगात कुठेही सारख्याच.

तिसरी_घंटा :

आगीवरून आठवलं. डाउनटाउनच्या कडेला जॅक्सन स्क्वेअरमध्ये १८५०-६० च्या विटांच्या इमारतींचा एक पुंजका वाचला. त्यात १८६६ चं हॉटॅलिंगचं व्हिस्कीचं गोदाम. धर्मगुरू म्हणत होते, पापी शहराला देवानं शिक्षा केली. त्यावर एका चहाटळानं चारोळी केली, की मग देवानं स्वतःची चर्चं जाळून हॉटॅलिंगची व्हिस्की का बरं राखली? त्या भिंतीवर ही चारोळी लावलेली आहे. वाचायला गेलो आणि शेजारीच 'बसलो', हे ओघानं आलंच.

मोरपंखी_रावा :

लेखातला वेस्टर्न अ‍ॅडिशनचा भाग फार थोडक्यात उरकलाय असं वाटलं, म्हणून भर घालते. तिथे घरांइतकीच माणसांची गोष्ट आहे.

१९०६ नंतर बेघर झालेले लोक आणि धंदे या न जळलेल्या भागात आले. फिलमोर स्ट्रीट काही काळ शहराचा मुख्य बाजार झाला. मोठ्या घरांचे फ्लॅट पडले, खोल्या भाड्यानं गेल्या. श्रीमंत हळूहळू दुसरीकडे सरकले. मग जपानी कुटुंबं आली, त्यांची दुकानं, मंदिरं. १९४२ मध्ये त्या सगळ्यांना उचलून छावण्यांत डांबलं. रिकाम्या घरांत गोदीच्या कामासाठी दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं आली, कारण इतर वस्त्यांत त्यांना घर मिळायचंच नाही. एका घरात पाच-पाच बिऱ्हाडं. आणि त्याच रस्त्यावर जॅझचे क्लब, असे की देशभरचे मोठे वादक तिथे येऊन वाजवायचे.

म्हणजे ही घरं टिकली ती गरिबीमुळे. नवं बांधायला कुणाकडे पैसे नव्हते. आणि पाडली गेली तीही गरीब राहत होते म्हणूनच. 'नूतनीकरण म्हणजे काळ्यांना हटवणं' असं तेव्हा उघड म्हटलं जायचं. लोक गप्प बसले नाहीत. रहिवाशांच्या संघटनेनं बुलडोझर अडवले, केंद्र सरकारला कोर्टात खेचलं, १९६८ मध्ये मनाईहुकूम मिळवला. हटवलेल्या कुटुंबांना 'परत याल तेव्हा तुम्हाला प्राधान्य' अशी प्रमाणपत्रं दिलेली होती. पाडलेल्या कित्येक जागा वर्षानुवर्षं नुसत्या कुंपण घालून मोकळ्या पडल्या होत्या. परत येणार कुठे?

अलामो स्क्वेअरच्या फोटोत यातलं काही दिसत नाही. तो चौक १९८४ मध्ये ऐतिहासिक विभाग जाहीर झाला. दोन-चार गल्ल्या पूर्वेला किंवा उत्तरेला जा, मधेच साठच्या दशकातले काँक्रीटचे ठोकळे लागतात. सीमा कागदावर कुठे ओढली त्यावर सगळं.

सांजवारा :

मोरपंखी_रावा, उत्तम भर. 'गरिबीमुळे टिकली' हे हेटलाही लागू आहे. मोठी घरं, भाडी पडलेली, म्हणून १९६७ चे हिप्पी तिथे जमले. त्यांना स्थापत्याची आवड होती असं कुणी म्हणू नये, पण पडक्या घरांत राहून ती वापरात ठेवली हे खरं.

फुल्टन स्ट्रीटवरचं वेस्टरफेल्ड हाउस त्याचा अर्क आहे. १८८९ मध्ये हेन्री गाइलफस या वास्तुकारानं एका जर्मन मिठाईवाल्यासाठी बांधलं. पुढे रशियन स्थलांतरितांचा क्लब, मग साठच्या दशकात कम्यून आणि भलते प्रयोग, नंतर एका मालकानं चिकाटीनं पूर्ववत केलं. चौकोनी मनोरा अलामो स्क्वेअरमधूनच दिसतो, पण सगळ्यांच्या पाठी तिकडे असतात.

फोडणीची_पोळी :

एक बाळबोध प्रश्न. हे गुलाबी-जांभळे-सोनेरी रंग मूळचेच का?

सांजवारा :

नाही. मूळचे रंग बरेच संयत: पांढरा, करडा, बदामी, मातकट. नंतर युद्धांच्या काळात नौदलाचा उरलेला करडा रंग स्वस्तात मिळायचा, तोही फासला गेला. १९४०-५० मध्ये तर नक्षीच काढून टाकायची लाट होती. कंगोरे तासून वर स्टको म्हणजे सिमेंटचा गिलावा, अ‍ॅसबेस्टॉसच्या चकत्या नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. विक्रेते दारोदार फिरून 'पुन्हा रंगवायची कटकट नको' म्हणून विकायचे.

भडक रंग १९६३ पासूनचे. बुच कार्डम नावाच्या एका कलाकारानं आपलं इटालियनेट घर निळ्या-हिरव्या छटांत रंगवलं. शेजाऱ्यांनी आधी नाकं मुरडली, मग स्वतःची घरं त्याच्याकडून रंगवून घेतली. त्यातून 'कलरिस्ट' म्हणवणाऱ्या रंगाऱ्यांची पिढीच तयार झाली. 'पेंटेड लेडीज' हे नाव १९७८ च्या एका पुस्तकानं रूढ केलं. आणि आता नवश्रीमंत मालक तीच घरं कोळशासारख्या करड्या-काळ्या एकाच रंगात बुडवतात. लोक त्या छटेला 'जेंट्रिफिकेशन ग्रे' म्हणतात, म्हणजे श्रीमंत येऊन जुने रहिवासी हटतात त्याचा करडा रंग. मला स्वतःला तो रंग बघवत नाही, पण मूळ रंगाचा आग्रह धरायचा तर साठच्या दशकातला जांभळाही बादच होतो, हे कबूल करावं लागतं.

सिमेंटवाला :

माझ्या मते रंग ही सर्वांत निरुपद्रवी गोष्ट. दहा-बारा वर्षांत बदलतोच. काढलेली नक्षी परत येत नाही. येते म्हणजे, जुन्या फोटोवरून किंवा शेजारच्या जुळ्या घरावरून माप घेऊन कातून घ्यावी लागते, आणि त्याचं बिल बघून मालक पांढरा पडतो. स्टको काढल्यावर खाली जुन्या ब्रॅकेटांचे ठसे मिळतात, रंग न लागलेल्या लाकडावर सावलीसारखे. तो दिवस कामावर सगळ्यांच्या आवडीचा.

कोथरूडचा_परदेशी :

उलट बाजू मांडतो, शिव्या घालू नका. या शहरात घरांची भयंकर टंचाई आहे. नवीन इमारत म्हटली की 'परिसराचं ऐतिहासिक स्वरूप' हे पालुपद सुरू. रस्त्याकडची खिडकी बदलायची तर ती लाकडीच हवी, मग महिनोन्महिने कागदपत्रं. वारसा हा घर असलेल्यांनी घर नसलेल्यांना बाहेर ठेवायचा सभ्य मार्ग झालाय. शिवाय मिल्स अ‍ॅक्टखाली जतनाचा करार केलेल्या ऐतिहासिक घराच्या मालकाला मालमत्ता करात घसघशीत सूटही मिळते. कोट्यवधींचं घर आणि वर सवलत!

मोरपंखी_रावा :

शिव्या नाही, पण तुमच्याच मुद्द्यातली गंमत बघा. गोदाकाठ यांनी लिहिलेला तो तीन फ्लॅटचा व्हिक्टोरियन २५ फुटांच्या प्लॉटवर उभा आहे, भिंतीला भिंत, गाडीला जागा नाही. नंतरच्या नियमांखाली शहराच्या निम्म्या भागात तो बांधताच आला नसता. तुम्हाला हवी असलेली दाट वस्ती ती हीच की. टंचाईचं कारण बघायचंय तर पश्चिमेकडे सनसेटमध्ये जा, मैलोन्मैल एकेका कुटुंबाची घरं. ती व्हिक्टोरियन नाहीत आणि वारसा यादीतही नाहीत, तरी तिथेही नवीन काही होऊ देत नाहीत.

मिल्स अ‍ॅक्टबद्दल मात्र सहमत. सूट घ्या, पण वर्षातून एक दिवस तरी दार उघडा लोकांना.

कोथरूडचा_परदेशी :

सनसेटबद्दल मान्य. पण इंग्लंडर हाउससारखा तोडगा एखाद्या घरापुरता ठीक. चार लाख डॉलर प्रत्येकाला कुठून आणणार?

भटकभवानी :

त्या बाबतीत घर वाचलं आणि मूळ जागी ४८ घरांची इमारतही मंजूर झाली, म्हणून मला ते उदाहरण आवडतं. नेहमी जमणार नाही हे खरंच.

गोदाकाठ :

भारतीयांसाठी एक ठिकाण कुणीच कसं सांगितलं नाही? वेबस्टर आणि फिल्बर्टच्या कोपऱ्यावरचं वेदांत सोसायटीचं जुनं मंदिर. विवेकानंद १९०० मध्ये इथे होते, तेव्हा ही सोसायटी सुरू झाली. स्वामी त्रिगुणातीतांनी जोसेफ लेनर्ड या वास्तुकाराबरोबर १९०५ मध्ये मंदिर बांधायला घेतलं. जानेवारी १९०६ मध्ये उद्घाटन, तीन महिन्यांत भूकंप, आणि इमारत उभी. वरचा मजला आणि शिखरं नंतर, १९०८ पर्यंत चढली. खालून बघितलं तर शेजाऱ्यांसारखंच पुढे आलेल्या खिडक्यांचं लाकडी घर, वर मान केली की बंगाली देवळाचं शिखर, कांद्यासारखा घुमट, किल्ल्याचा बुरूज, सगळे एका गच्चीवर. कालगणनेनं एडवर्डियन, म्हणजे व्हिक्टोरियानंतरच्या एडवर्ड राजाच्या काळातलं, म्हणावं लागेल, पण हाडं व्हिक्टोरियनच.

रिकामटेकडा_नाना :

हे मात्र बघायलाच हवं. पुढच्या मे महिन्यात मुलाकडे येतोय, सॅन होजेला. ताई, एका दिवसात काय काय होईल? गुडघे साथ देत नाहीत, चढ नकोत.

सांजवारा :

नाना, या शहरात 'चढ नकोत' ही अट अवघड आहे, पण बघू. सकाळी गफ स्ट्रीटवरचं अष्टकोनी घर बाहेरून बघा, १८६१ चं आहे. तिथून युनियन स्ट्रीटनं पश्चिमेला सपाट चालत वेबस्टरपर्यंत, मग एक गल्ली उत्तरेला वेदांत मंदिर. तिथून चढ सुरू होतो, तेव्हा तो पायी चढू नका. शेजारच्या फिलमोर स्ट्रीटवरून २२ नंबरची बस घ्या. सटरपाशी उतरून कॉटेज रो बघा: १८८२ ची सहा छोटी घरं, मधे फक्त चालायची वाट. पुन्हा २२ नंबर, हेजला उतरून अलामो स्क्वेअर. तिथे थोडा चढ आहे, बाक आहेत. फोटो काढून झाला की मागे वळून वेस्टरफेल्डचा मनोरा बघायचा. हास-लिलिएन्थाल आतून बघायचं असेल तर दिवस आणि वेळ आधी तपासा, रोज खुलं नसतं, आणि आत जिने आहेत.

सिमेंटवाला :

नानांना वेळ उरला तर गोल्डन गेट पार्कातलं १८७९ चं फुलांचं काचघर घाला यादीत. सपाट रस्ता, बसायला जागा. जेम्स लिक नावाच्या कोट्यधीशानं सॅन होजेजवळच्या आपल्या घरासाठी मागवलं होतं. खोकी फोडायच्या आधीच तो गेला, मग लोकांनी वर्गणी काढून ते पार्काला दिलं. लाकूड आणि काच, बस. १९९५ च्या वादळात इतकं मोडलं की आठ वर्षं बंद होतं. २००३ मध्ये उघडलं. मे महिन्यात येताय तर स्वेटर आणा, मुलगा सॅन होजेच्या उन्हात राहतो, तो सांगणार नाही.